अष्टमीचा चंद्र, सकाळी साडेआठला

शाळेत खगोलशास्त्र शिकवताना पहिली अडचण येते ती वेळापत्रकाची. तारे रात्री, शाळा दिवसा. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवस, महाराष्ट्रात मे महिन्यात येतो तेव्हा सुट्टी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं. चंद्रकला मग फळ्यावरच उरकल्या जातात, आणि पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो, हीच समजूत घेऊन मुलं पुढच्या वर्गात जातात.

जानेवारीत मंगळवारी अंगारकी आली. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात विचारलं, "काल चंद्र किती वाजता दिसला?" "नऊ वाजून गेले होते सर, आजी ताटकळली होती." चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो. मुलांनीच हिशेब केला : शनिवारी अष्टमी, म्हणजे उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास आणि मावळणार दुपारी. शनिवारी आमची सकाळची शाळा!

साडेआठला मैदानात आलो. पश्चिमेला, बराच वर, फिकट अर्धा चंद्र होता. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, आपल्या सावल्या पश्चिमेला पडल्यात आणि चंद्रही पश्चिमेलाच आहे. म्हणजे पृथ्वीची सावली त्याच्यावर पडणारच की!"

असा प्रश्न फळ्यासमोर बसून कुणालाच सुचला नसता. मी सगळ्यांना एक हात सूर्याकडे आणि दुसरा चंद्राकडे धरायला लावला. एक मुलगी हातांकडे बघत म्हणाली, "हा तर काटकोन झाला. सावली पडायची तर दोन्ही हात एका रेषेत हवेत ना?"

मग रबरी चेंडू खडूच्या भुकटीने पांढरा केला आणि हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायला दिला. चेंडूची सूर्याकडची बाजू उजळली, दुसरी काळवंडली. अगदी शेजारच्या चंद्रासारखी. "चेंडूवर कुणाची सावली पडलीय?" मघाच्याच मुलाने चेंडू फिरवून फिरवून पाहिला. "कुणाचीच नाही. ती त्याची पाठ आहे."

चंद्रकलांचा पाठ तिथीप्रमाणे, वद्य पक्षातल्या सकाळी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याला दुर्बीण लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

वर्गात परतताना त्या मुलीने पुढचा प्रश्न टाकला : पौर्णिमेला तर तिघं समोरासमोर येतात, मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत सुमारे 5 अंशांनी कललेली असते, म्हणून बहुतेक वेळा तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. सोमवारचा तास त्यातच गेला.