तीन मीटरची फट

‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ हा शब्द परिषदांमधून इतका फिरलाय की त्याची धारच गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर आयोग नेमला, २००८ मध्ये अहवाल आला. माणूस कुठे राहतो, काय खातो, कसलं काम करतो आणि त्याच्या वतीने निर्णय कोण घेतं, यावर त्याचं आयुष्य किती ते ठरतं, असं त्याचं सार. कबूल. पण मुंबईत, निदान क्षयरोगापुरतं, या शब्दाला चक्क माप आहे: तीन मीटर.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत, उदाहरणार्थ नटवर पारेख कंपाउंडमध्ये, तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम एवढ्याच अंतरावर उभ्या आहेत. हिशोब सोपा आहे. एक मजला २.९ मीटरचा धरला तर इमारत सुमारे २३ मीटर उंच. २२ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. फट पूर्व-पश्चिम असेल तर तीन मीटर रुंदीतून ते ऊन गच्चीपासून जेमतेम सव्वातीन मीटर खाली उतरतं. म्हणजे सातव्या मजल्याला ऊन, सहाव्याला कवडसा, खाली ट्यूबलाइट. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि जुलैअखेर. जुलैत ढग असतात. फट दक्षिणोत्तर असेल तर दुपारी थोडा वेळ ऊन तळाशी पोचतं, तेवढंच.

आता हवा. २२५ चौरस फुटांची खोली, नऊ फूट उंची: सुमारे ५७ घनमीटर. खोकणाऱ्या क्षयरुग्णाच्या तोंडातून सुटलेले सूक्ष्म कण तासन् तास तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलली तर त्यातले ९९ टक्के कण २३ मिनिटांत बाहेर जातात; सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटं लागतात. तासाला एकदाच बदलली तर साडेचार तासांहून जास्त. तेवढ्यात घरातली सगळी एक झोप काढतात.

खिडकी उघडा, हे सांगायला सोपं. पण खिडकी उघडते हाऊसगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या त्याच फटीत. तिथे वरच्या मजल्यांवरून पिशव्या पडतात, फुटलेला ड्रेनेज पाइप वाहतो, डास आणि घुशी असतात. तळमजल्याच्या बाईने खिडकीवर प्लास्टिक ठोकलं तर तिला अडाणी म्हणण्याआधी पाच मिनिटं त्या खिडकीशी उभं राहावं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची तुलना २०१८ च्या एका पाहणीत झाली होती. इमारतींमध्ये जास्त मोकळी जागा असलेल्या पीएमजीत क्षयाचं प्रमाण बाकी दोन्हींपेक्षा बरंच कमी निघालं.

हे अज्ञानातून झालेलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या आखणीत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता: राहत्या खोलीला प्रकाश त्या कोनातून मिळाला पाहिजे, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी हवी. २३ मीटरला साडेअकरा मीटर. शंभर वर्षांपूर्वीचा वसाहती कारभार गरिबांवर फार मेहेरबान नव्हता, तरी हा आकडा त्याच्या कागदावर होता. नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत मोकळ्या जागेला सवलती आल्या आणि हेक्टरी किमान ५०० घरं बसवण्याची अट आली. बाकीची जमीन विक्रीच्या टॉवरला.

सही कुणाची, हा प्रश्न इथे अडतो. प्रकल्पबाधितांची घरं एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या खात्यात, झोपडीधारकांचे आराखडे एसआरए या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, गोळ्या महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे, पंप आणि लिफ्ट सोसायटीच्या गळ्यात. आराखड्याच्या मंजुरीवर क्षयरोग अधिकाऱ्याचा शेरा लागत नाही. लल्लूभाई कंपाउंडमध्ये रेल्वेमार्गालगतची कुटुंबं आणली ती मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या कर्जावर. पुनर्वसनाच्या तक्रारी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेल्या; मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. वॉशिंग्टनमध्ये तक्रार करायला खिडकी होती. वॉर्डात मात्र ‘हे आमच्याकडे येत नाही’.

औषधांचं तसं नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवायला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने मुदतवाढीचा अर्ज फेटाळला. औषधाच्या रेणूवर भांडायला जागा आहे. फटीवर भांडायला अजून नाही.

पोटाचंही थोडं. झारखंडमधल्या ‘राशन्स’ चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, पण रुग्णालाच: उपचार सुरू होताना ३,००० आणि ८४ दिवसांनी ३,०००. पैसे अडकतात ते बहुतेकदा आधारशी न जोडलेल्या किंवा बंद पडलेल्या खात्यामुळे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डॉट्स सेंटरवर, म्हणजे क्षयाच्या गोळ्या मिळतात तिथे, पासबुक दाखवून निक्षय आयडीला (रुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाला) तेच खातं जोडलंय का, हे विचारून घ्यावं. आणि दोन महिन्यांनी वजन करावं. त्याच चाचणीत तोवर पाच टक्के वजन वाढलेल्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. गोळ्यांची संख्याही वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. वजन वाढून गट बदलला की डोसचं विचारावं.

आज त्याच खोलीत राहायचं असेल तर उदबत्ती लावून बघा. धूर दाराकडून खिडकीकडे सरकला तर वारा खेळतोय. जागीच घुटमळला तर नाही. अशा वेळी टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवायचा आणि गॅलरीकडचं दार फटीपुरतं उघडं ठेवायचं. छताचा पंखा हवा नुसती घुसळतो. रुग्णाची गादी खिडकीपाशी, मुलांची दाराकडे. पंखा उलटा, म्हणजे आत तोंड करून लावला तर रुग्णाची हवा सगळ्यांच्या अंगावरून गॅलरीत जाते. ही चूक सर्रास होते.

आणि जिथे इमारत अजून उभी राहायचीय तिथे संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी कार्पेट एरिया आणि कॉर्पसबरोबर (सोसायटीच्या देखभाल निधीबरोबर) तीन कागद मागा: ले-आउट, उभा छेद (इमारती बाजूने कापल्यासारखा नकाशा) आणि मोकळ्या जागेत दिलेल्या सवलतींचा तपशील. मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात एसआरएकडे अर्ज टाका. छेदावर तळमजल्याच्या खिडकीपासून समोरच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत पट्टीने रेघ मारा आणि कंपासपेटीतला कोनमापक लावा: आडव्या रेषेपासूनचा कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या आत हवा.