तिकीट बंद, काम मात्र तसंच

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं एचआरचं एक पान कंपनीच्या अंतर्गत साइटवर आहे. रजा, पीएफ, पाळ्या, कॅन्टीन, पावसाळ्यातल्या सूचना, सगळं एकाखाली एक. मोबाइलवर हवी ती ओळ सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी संपायची. म्हणून हेडिंग दाबलं की मजकूर उघडेल, पुन्हा दाबलं की मिटेल, अशी मांडणी करायला घेतली. विषय पाडून झाले, हेडिंगं लिहून झाली.

अडलं ते मुख्य कार्यालयाच्या आयटी विभागात. त्यासाठी लागणारे ‘डीटेल्स’ (details) आणि ‘समरी’ (summary) हे दोन टॅग, म्हणजे मांडणीच्या खुणा, टाकून पान सेव्ह केलं की एडिटर ते काढूनच टाकायचा. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘स्क्रिप्टला सुरक्षा विभागाची परवानगी लागते.’ अहो, पण यात स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, आहेच कुठे? हे वेब पान लिहायच्या भाषेचे, एचटीएमएलचे, साधे टॅग आहेत, उघडमिट ब्राउझर स्वतः करतो. मेलवर लिहिलं, फोनवर सांगितलं. दरवेळी तेच कारण आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद! मेल शेवटपर्यंत वाचायची तसदी कुणी घेत नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी तिथल्या एका साहेबांना स्क्रीन शेअर केली, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट चालायची सोयच, बंद केली आणि त्यांच्यादेखत हेडिंग दाबलं. मजकूर उघडला. त्याच संध्याकाळी दोन्ही टॅग एडिटरच्या मंजूर यादीत आले. तुम्हीही मागणी करताना ‘हे दोन टॅग मंजूर यादीत घाला’ एवढंच लिहा, ‘नवीन सुविधा हवी’ असं लिहू नका.

पुराच्या सूचना मात्र मिटवून ठेवायच्या नाहीत, यावर मी ठाम होतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका. सांगलीवाडीहून पाळीला येणाऱ्या माणसाने तेव्हा हेडिंगं दाबत बसायचं का? ‘डीटेल्स’ टॅगमध्ये ‘ओपन’ (open) हा शब्द घातला की तो भाग उघडाच दिसतो.

हेडिंग ‘इतर माहिती’ असं देऊ नका, कुणी उघडत नाही. ‘शिल्लक रजा कशी पाहायची’ असं द्या. सूचना फलकासाठी पान छापायचं असेल तर आधी सगळे भाग उघडा. मिटलेल्या भागाचं फक्त हेडिंग छापलं जातं. आणि कंट्रोल-एफने शोधताना क्रोम २०२२ पासून मिटलेला भाग आपणहून उघडतो, पण तुमच्याकडच्या संगणकांवर जुना ब्राउझर असेल तर आधी तिथे तपासून घ्या.