तुम्ही विचारलंत म्हणून: घरी ज्वारी असताना ओट्स काहून?

"मॅडम, हे काय खाऊन राहिल्या वो?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. मी एसटीत वाहक आहे, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात. ड्युटी पहिल्या गाडीची, पावणेसहाची. ओट्सची, फळं घातलेली बिस्किटं आहेत, घरीच भाजलेली, असं सांगितलं की मागच्या सीटवरून दुसरा प्रश्न येतो आणि खरा तोच असतो: "घरी ज्वारी असताना ओट्स काहून?" तेवढ्यात थांबा येतो, चार जण चढतात आणि उत्तर राहून जातं. म्हणून आज बसून लिहिते.

ज्वारीशी माझं वैर नाही. पण भाकरीला तवा लागतो, सोबत काहीतरी कोरड्यास लागतं आणि खायला हात मोकळा लागतो. माझ्या एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळची गाडी पहिल्याच थांब्याला भरते. झालं ते चांगलंच झालं, फक्त माझा नाश्ता गेला. दोन घासांत संपेल आणि बोटं तेलकट करणार नाही, असं काहीतरी पाहिजे होतं. बेकरीची खारी दोन वर्षं खाल्ली. अकरा वाजता छातीत जळजळायचं.

तर पहिली बिस्किटं मी ज्वारीचीच केली होती. ज्वारीचं पीठ, गूळ, केळं, थोडं तेल. दिसायला झकास. डब्यातून उचललं की मोडायचं. अर्धं तोंडात, अर्धं चामड्याच्या बॅगेत, सुट्ट्या पैशांवर. एका मावशींना पाचाचं नाणं परत दिलं तर त्याला गुळाचा चिकट चुरा. त्यांनी नाणं पदराला पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ओट्स आणले. आमच्या घरी ओट माहीत होता तो चारा म्हणून. रब्बीत म्हशीसाठी केंट नावाचं वाण पेरतात, तोच. सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. "म्हशीचा चारा पोट्ट्याइले काहून चारतं वो?" खायचे ओट्स म्हणजे सोललेले दाणे असतात, वाफवून रुळाखाली चपटे केलेले, हे समजावून सांगितलं. त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग पोहेच झाले ना बाप्पा." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

त्या वाफवण्यातच गोम आहे. गव्हाचं पीठ ग्लुटेन नावाच्या चिवट प्रथिनामुळे धरून राहतं, ज्वारीत ते नाही. भाकर तरी का थापता येते? पीठ आधणाच्या पाण्यात भिजवतो म्हणून. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो. बिस्किटात आधण नसतंच. ओट्स मात्र आधीच वाफ खाऊन आलेले असतात, शिवाय त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. ओलं लागलं की तो बुळबुळीत होतो आणि सगळं एकमेकांना धरून ठेवतो. घरात अंडं चालत नाही, सासूबाई माळकरी. त्याची जागा आपल्या जवसाने घेतली. एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी लिबलिबीत होते.

प्रमाण विचारता, तर दोन वाट्या ओट्स, अर्धी वाटी कणीक, साल काळी पडू लागलेली दोन केळी, अर्धी वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी तेल, ते जवस, मूठभर मनुका-खजूर आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. मी विसरले होते आणि चव पुठ्ठ्यासारखी लागली होती.

आता संत्र्याचं. या भागात राहून संत्रा न घालणं म्हणजे पापच, म्हणून मी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारी, दोन फळं पिळून रस घातला होता. बिस्किटं कडू झाली. गॅस जास्त झाला असेल वाटलं, पुन्हा केली, पुन्हा कडू. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला किंवा तापवला की कडू होतो. त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. ताज्या रसात ते जाणवत नाही, मागाहून वर येतं. म्हणून आता रस पोट्ट्यांना पाजते आणि फक्त साल घेते. तीही फळ सोलायच्या आधी किसायची. आपल्या संत्र्याची साल सैल, सोलल्यावर ती किसणीवर नुसती दुमडते. नारिंगी रंग संपून पांढरं दिसलं की थांबायचं, ते पांढरंही कडूच. किसताना बोटांना जो वास लागतो तो सकाळी तिकिटाच्या कागदालाही येतो.

भाजायला ओव्हन नाही माझ्याकडे. जुन्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये बोटभर जाड मीठ, त्यावर तिवई, वर ताटली. झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं. दहा मिनिटं रिकामं तापवून मग मंद आचेवर वीस-बावीस मिनिटं. एका वेळी सहाच बसतात, म्हणजे चोवीस करायला रविवारची दुपार जाते. सकाळी कधी करता विचारणाऱ्यांनी हे ऐकावं: सकाळी नाहीच करत. आणि गरम असताना मऊ लागली म्हणून पुन्हा चुलीवर चढवू नका, निवल्यावर ती घट्ट होतात. पहिला घाणा मी याच घाईत जाळला.

उन्हाळ्यात केळं घालत नाही. मे महिन्यात तिसऱ्याच दिवशी डबा उघडला तर आंबूस वास आला होता. तेव्हा नुसता खजूर, थोड्या पाण्यात शिजवून.

आमच्या डेपोतले एक ड्रायव्हर भाऊ याला कोलेस्टेरॉलचं औषध समजून मागतात. त्यांना सांगते की त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे साधारण पाऊण वाटीच्या पुढे ओट्स, तेही रोज. माझ्या दोन बिस्किटांत तेवढं नसतं, वर गूळ असतो. गूळही शेवटी साखरच. तरी ते दोन घेतात.

गेल्या रविवारी सासूबाई कुकरजवळ येऊन बसल्या. "ज्वारीले आधण नाही म्हणतं ना तू? मंग दे ना आधण." अर्धी वाटी पीठ त्यांनी स्वतः कढत पाण्यात उकडून, मळून दिलं. कणकेऐवजी ते घातलं, ओट्स निम्मे केले. सहा बिस्किटांतली चार अख्खी निघाली. मोडलेली दोन त्यांनी दुधात कुस्करून खाल्ली आणि पुढच्या वेळी पाणी जरा कमी घालू म्हणाल्या.