क्यूसू क्र. ४: पीळ काही जात नाही

रविवारी भट्टी उघडायची होती, म्हणून नागोयाहून सकाळच्या मेइतेत्सू रेल्वेने तोकोनामे हे जपानमधलं कुंभारांचं गाव गाठलं. माझा चौथा क्यूसू, म्हणजे मातीची जपानी चहाची किटली, शाबूत निघाला. तडा नाही, मूठ जागेवर. पण मी आधी पाहिलं ते तोटीचं तोंड. तिसऱ्यात तिनेच घात केला होता: लावताना अगदी सरळ, भाजून आली तर एका कुशीवर कललेली. चाकावर ओढलेल्या मातीत पीळ बसतो आणि भट्टीत तो पुन्हा डोकं वर काढतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इतकी शब्दशः भेटेल असं वाटलं नव्हतं!

या वेळी सेन्सेईंच्या, म्हणजे माझ्या शिक्षिकेच्या, सांगण्यावरून तोंड मुद्दाम तिरकं कापलं. किती, ते त्या सांगत नाहीत. ज्याचा हात, त्याचा पीळ. तिसरा क्यूसू समोर ठेवून अंदाज बांधला: मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो तेवढा कोन. जवळपास बरोबर निघाला.

मग झाकण. काठ आणि झाकणाच्या मध्ये घासायची बारीक ओली पूड घालून फिरवत बसायचं. आधी खरखर, मग आवाज बारीक होत जातो, मग हाताला नुसतं लोण्यासारखं लागतं. इथले कुंभार चहा ओतताना झाकणाच्या भोकावर बोट ठेवतात आणि धार तुटते. माझी तुटली नाही, पण करंगळीएवढी झाली. मागच्या वेळी काहीच फरक पडला नव्हता.

७० अंशांच्या पाण्यात सेंचा, म्हणजे जपानी हिरवा चहा, केला. मातीच्या जाळीची दोन भोकं जोडकामाच्या रबडीने, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीने, बुजलीत, तरी पाने अडकली नाहीत. शेवटचा थेंब मात्र तोटीखालून ओघळून टेबलावर. चूक माझी: ओठाची कड स्पंजने गोल केली. ती धारदारच हवी.

१८७८ मध्ये चीनमधून आलेल्या जिन शिहेंगने इथल्या कारागिरांना चहाच्या किटल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या यीशिंग या चिनी गावाची पद्धत शिकवली. त्यात माती थापून, ठोकून भांडं उभं करतात. चाक नाही, म्हणून पीळही नाही. पाचव्याला अंग आणि मूठ चाकावरच, तोटी मात्र हाताने वळून, काडीने भोक पाडून करणार आहे. सेन्सेई हसल्या आणि दोन तोट्यांपुरती जादा माती काढून दिली.