दोन जेम्स कॉनली आणि एक कार्ड

काही वर्षांपूर्वी एका छोट्या चरित्रकोशाच्या कामात मी सहभागी झाले होते. आयर्लंडमधील आणि आयरिश वंशाच्या व्यक्तींच्या नोंदी माझ्याकडे होत्या. प्रत्येक व्यक्तीचे एक कार्ड करायचे, वेगवेगळ्या ग्रंथांतून मिळालेली माहिती पृष्ठांकासह त्यावर उतरवायची आणि कार्ड पुरेसे भरले की त्यावरून नोंद लिहायची, अशी जुनी, सरळ पद्धत मी ठेवली होती. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे एक नाव म्हणजे एक माणूस. आयरिश नावांच्या बाबतीत हे गृहीतक किती पोकळ आहे, हे मला ‘कॉनली, जेम्स’ या कार्डाने शिकवले.

पहिल्या मुद्रितात ती नोंद साधारण अशी छापून आली होती: जन्म १८६८, गरीब स्थलांतरित आयरिश कुटुंबात जन्म, वडिलांचे नाव जॉन, शालेय शिक्षण अपुरे, काही काळ सैन्यात, १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धेत तिहेरी उडीत सुवर्णपदक, त्याच वर्षी डब्लिनमध्ये आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टीची स्थापना, त्यानंतर अमेरिकेत वास्तव्य आणि लेखन, १९१६ च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावात सहभाग आणि मृत्युदंड. संपादकांनी समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: ‘बाई, हे गृहस्थ एप्रिलमध्ये अथेन्सला उडी मारून मे महिन्यात डब्लिनला पक्ष काढायला कसे पोहोचले, ते एकदा पाहून घ्या.’

ते कसे पोहोचले नाहीत, हे शोधून काढण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले. चुकीची लाज वाटली, हे खरे. पण ती चूक माझ्या नजरेतून सुटली कशी, याचेच मला अधिक नवल वाटत राहिले. कार्डावरची जवळजवळ प्रत्येक बाब स्वतंत्रपणे खरी होती आणि वरवर पाहता कोणतीही बाब दुसरीला खोटे पाडत नव्हती. अथेन्सहून डब्लिनला पोहोचण्यासाठी आगगाडी आणि बोट मिळून सात आठवडे म्हणजे भरपूर अवधी होता. उलट, उत्तम उडी मारणारा, पुस्तके लिहिणारा आणि कामगारांची संघटना बांधणारा असा हा बहुरंगी पुरुष मला मनातून आवडूही लागला होता.

कोशात एकाच नावाच्या दोन व्यक्ती आल्या, तर कंसात जन्मवर्ष देऊन त्या वेगळ्या कराव्यात, हा रूढ उपाय आहे. तो येथे पहिल्याच पावलाला निकामी ठरला, कारण दोघांचेही जन्मवर्ष १८६८ दिले जाते. मग मला आपल्याकडची रीत आठवली. मधे वडिलांचे नाव घातले की आपल्याकडे बहुतेक गोंधळ मिटतो. एकाच आडनावाचे आणि एकाच नावाचे चुलतभाऊसुद्धा त्यामुळे वेगळे ओळखता येतात. मी दोघांच्या वडिलांची नावे शोधली. एकाचे वडील जॉन कॉनली आणि दुसऱ्याचेही वडील जॉन कॉनलीच! म्हणजे मराठी पद्धतीने लिहिले असते, तर दोघेही ‘जेम्स जॉन कॉनली, जन्म १८६८’ असेच झाले असते. त्या दिवशी मी काम तेथेच थांबवले.

दुसऱ्या दिवशी मी जुने कार्ड फाडले आणि एका मोठ्या कागदावर दोन उभे रकाने आखले. एकाच्या माथ्यावर एडिनबरा लिहिले आणि दुसऱ्याच्या माथ्यावर बोस्टन. नाव, वर्ष आणि वडील या तिन्ही खुणा सारख्या निघाल्यावर जागा एवढी एकच खूण हाती उरली होती. ठरावीक तारखेला माणूस कोणत्या गावात होता, एवढेच मी विचारत गेले. तो काय करत होता, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण आधी कामावरूनच माझी फसगत झाली होती.

एडिनबराच्या रकान्यात ५ जून १८६८ रोजी काउगेट या दाट आयरिश वस्तीत जन्मलेला मुलगा आला. त्याचे वडील नगरपालिकेच्या कामावर गाडीतून शेणकचरा वाहत असत. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून हा मुलगा कामाला लागला, किशोरवयात ब्रिटिश सैन्यात भरती झाला आणि शिपाई म्हणूनच त्याने आयर्लंडची भूमी पाहिली. पुढे मे १८९६ मध्ये तो समाजवादी संघटक म्हणून डब्लिनला आला आणि २९ मे रोजी पक्ष स्थापन झाला. ‘वर्कर्स रिपब्लिक’ हे त्याचे पत्र १८९८ साली सुरू झाले. १९०३ ते १९१० या काळात तो अमेरिकेत होता. परतल्यावर बेलफास्टमध्ये गोदी कामगारांची संघटना, १९१३ ची डब्लिनची टाळेबंदी, आयरिश सिटिझन आर्मी ही कामगारांची सशस्त्र संघटना आणि शेवटी १९१६ चा उठाव. उठावात त्याचा घोटा गोळीने फुटला होता आणि त्याला उभे राहता येत नव्हते, म्हणून १२ मे १९१६ रोजी किल्मेनम तुरुंगाच्या आवारात त्याला खुर्चीत बसवून गोळ्या घालण्यात आल्या.

बोस्टनच्या रकान्यातला मुलगा साउथ बोस्टनमध्ये वाढला. त्याचे आईवडील गॉलवेच्या किनाऱ्याबाहेरील ॲरन बेटांवरून आलेले होते, वडील मासेमार होते आणि घरात बारा भावंडे होती. त्याचीही शाळा लवकर सुटली. पण त्याने स्वतःच्या बळावर अभ्यास करून १८९५ मध्ये, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवला. अथेन्सला जाण्यासाठी रजेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याने विद्यापीठच सोडले. ६ एप्रिल १८९६ रोजी पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये तिहेरी उडीची अंतिम फेरी झाली आणि त्याने १३.७१ मीटरची नोंद केली. दुसऱ्या क्रमांकाचा फ्रेंच स्पर्धक त्याच्या एक मीटरहून अधिक मागे होता. आधुनिक ऑलिंपिकमधील हा पहिला निकाल असल्यामुळे प्राचीन स्पर्धा बंद पडल्यानंतर पंधरा शतकांनी झालेला पहिला विजेता, असे त्याचे वर्णन केले जाते. (एका पुस्तकात हीच तारीख २५ मार्च दिलेली पाहून मी पुन्हा गोंधळले. ग्रीसमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालत होते, हे लक्षात आल्यावर निदान तेवढा तिसरा जेम्स कॉनली जन्माला येण्याचे टळले.)

रकाने भरू लागल्यावर पहिला स्वच्छ तुटकपणा १८९८ साली दिसला. बोस्टनचा कॉनली त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीबरोबर क्यूबामध्ये स्पेनविरुद्धच्या युद्धात होता आणि डब्लिनचा कॉनली त्याच वर्षी ‘वर्कर्स रिपब्लिक’ काढत होता. एकच माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. दुसरी पक्की रेघ अर्थातच १२ मे १९१६ ची. त्या दिवसानंतर जिवंत असलेला कोणताही जेम्स कॉनली एडिनबराचा असू शकत नव्हता. बोस्टनचे गृहस्थ १९५७ पर्यंत जगले.

खरी कसोटी १९०३ ते १९१० या सात वर्षांत लागली, कारण तेव्हा दोघेही अमेरिकेत होते आणि दोघेही लिहीत होते. बोस्टनच्या कॉनलींनी मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदराच्या मच्छीमारांवर कथा लिहून नाव मिळवले होते. ‘आउट ऑफ ग्लॉस्टर’ हा त्यांचा कथासंग्रह १९०२ सालचा. १९०८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेने त्यांची ऑलिंपिकवरील कादंबरी काढली आणि त्याच वर्षी त्याच शहरात दुसऱ्या कॉनलींनी ‘द हार्प’ हे समाजवादी मासिक सुरू केले. ‘न्यूयॉर्क, १९०८, आयरिश लेखक जेम्स कॉनली’ एवढेच टिपण हाती असेल, तर ते कोणाच्या रकान्यात टाकायचे? येथे मला पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी हात दिला. बोस्टनचे लेखक स्वतःच्या नावात ब्रेंडन हे मधले नाव किंवा त्याचे आद्याक्षर लिहीत असत. डब्लिनचे कॉनली नुसते जेम्स कॉनली अशीच सही करत. ग्रंथालयांच्या सूचींतही हाच भेद पाळलेला असतो. तेथे एकापुढे १८६८–१९१६ आणि दुसऱ्याच्या नावात ब्रेंडन घालून पुढे १८६८–१९५७ असे लिहिलेले असते. ब्रेंडन हे आयरिश परंपरेतील दर्यावर्दी संताचे नाव आहे. समुद्रकथा लिहिणाऱ्याला ते शोभलेही आणि माझी सुटकाही त्याच नावाने केली.

तरीही एडिनबराच्या रकान्यात एक काटा राहिला होता. जुन्या चरित्रांतून या कॉनलींचा जन्म आयर्लंडमधील मोनाहन परगण्यात १८७० साली झाल्याचे लिहिलेले होते आणि क्षणभर मला वाटले की, आता तिसरा माणूस उभा राहिला. आयर्लंडच्या १९११ च्या खानेसुमारीची मूळ पत्रके आता कोणालाही पाहता येतात. त्यांतील डब्लिनच्या पत्रकातही या कुटुंबप्रमुखाचे जन्मस्थान मोनाहनच आहे. म्हणजे ही चूक चरित्रकारांनी करण्याआधी त्यांनी स्वतःच तसे सांगितलेले होते. मोनाहन हा आईवडिलांचा परगणा. डेझमंड ग्रीव्ह्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राने एडिनबरा हेच जन्मस्थान पक्के केले. आयरिश राष्ट्रवादी चळवळीत वावरणाऱ्या आणि सैन्यातील जुनी नोकरी मागे टाकू पाहणाऱ्या माणसाने स्वतःचा जन्म आयर्लंडमध्ये नेऊन ठेवावा, यात मला फारसे वावगे वाटले नाही. नोंद लिहिणाऱ्याला मात्र असे वाटून चालत नाही, म्हणून एडिनबरा लिहून मोनाहनचा उल्लेख पुढच्या वाक्यात ठेवला.

नावे इतकी सारखी का, याची थोडी चौकशी केली. आयरिश कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला वडिलांचे नाव द्यावे, अशी रीत सांगतात. त्यामुळे जॉन, जेम्स, पॅट्रिक, मायकेल ही मोजकी नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. रीत काटेकोर नव्हती, हेही तितकेच खरे. एडिनबराच्या घरात वडिलांचे जॉन हे नाव थोरल्यालाच दिलेले होते आणि जेम्स हा तिसरा. त्यात भर म्हणजे गेलिक भाषेतील एकापेक्षा अधिक मूळ आडनावे इंग्रजी कारकुनांच्या हातून कॉनली या एकाच वर्तनीत येऊन मिळाली. उत्तरेकडचे मोनाहन आणि पश्चिमेकडची ॲरन बेटे यांच्यात आयर्लंडची अख्खी रुंदी आहे. त्यामुळे आडनाव एक असले, तरी घराणे एक मानण्याचे कारण नव्हते. बेटांवर आणि किनाऱ्यावरच्या गेलिकभाषक गावांत लोक व्यवहारात आडनावापेक्षा नाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव अशी साखळी लावून माणूस ओळखतात, हे वाचून मला आपल्या गावाकडची आठवण झाली. ही साखळी बोस्टनच्या नोंदवहीत मात्र उतरत नाही.

या अनुभवाने शहाणी होऊन मी उरलेली कार्डेही तपासली. मायकेल कॉलिन्स या नावाने फारसा त्रास दिला नाही. १८९० साली क्लोनाकिल्टीजवळ जन्मलेले आणि २२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल न ब्ला येथे मारले गेलेले आयरिश नेते आणि १९३० साली रोममध्ये जन्मलेले, १९६९ मध्ये चंद्राभोवती यानात एकटे फिरणारे अमेरिकन अंतराळवीर यांच्यात जन्मवर्षांचे अंतर चाळीस वर्षांचे आहे. तेथे कंस पुरला. अधिक सावधगिरी शॉन कॉनली या नावाबाबत घ्यावी लागली. सिटिझन आर्मीचे हे अधिकारी ॲबी नाट्यगृहातील नट होते आणि उठावाच्या पहिल्याच दिवशी, २४ एप्रिल १९१६ रोजी, डब्लिनच्या सिटी हॉलवर मारले गेले. आडनाव, संघटना आणि आठवडा एकच असल्यामुळे त्यांना जेम्सचे भाऊ ठरवण्याचा मोह होतो. पण त्यांचे नाते नव्हते.

देवनागरी वर्तनीवरही बरेच दिवस खर्च झाले. माझ्या टिपणांत कॉनोली, कनॉली आणि कॉनॉली अशी तिन्ही रूपे होती आणि अकारविल्हे लावताना तिघे वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसले होते. एका अर्थाने दोन माणसांचे पाच झाले होते. उच्चारात भर पहिल्या अक्षरावर आहे आणि मधला स्वर जवळजवळ गळतो, म्हणून आम्ही ‘कॉनली’ पक्के केले.

शेवटी दोन नोंदी लागोपाठ छापायचे ठरले. पहिलीत ‘आयरिश कामगार नेते’ ही ओळख दिली आणि शेवटी ‘गिरी, व्ही. व्ही. पहा’ अशी सूचना ठेवली, कारण १९१३ ते १९१६ या काळात डब्लिनमध्ये शिकत असलेल्या आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झालेल्या गिरींवर त्यांच्या कामाचा ठसा उमटला होता. दुसरीच्या शीर्षकात ब्रेंडन होते. अंतिम मुद्रित आले, तेव्हा नेमके तेच गळालेले दिसले. शीर्षकाची ओळ लांब होऊन खालच्या ओळीवर जात होती, म्हणून जुळणी करणाऱ्यांनी ते काढून टाकले होते. मी ते पुन्हा लिहिले आणि जागा करण्यासाठी त्याच ओळीतील ‘सुवर्णपदक विजेते’ खोडून ‘विजेते’ एवढेच ठेवले. १८९६ मध्ये पहिल्या क्रमांकाला पदक रुप्याचेच देत असत.