आधी जोडी, मग ट्यूनिंग

"लूप हंट करतोय, जरा ट्यून करून दे," असा निरोप आला, म्हणजे माप बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारा लूप स्थिर न राहता झुलत राहिला, की हल्ली मी पीआयडीच्या, म्हणजे कंट्रोलर कसा सावरणार हे ठरवणाऱ्या, आकड्यांना लगेच हात लावत नाही. आधी विचारतो, हा व्हॉल्व्ह या मापाशी कुणी जोडला आणि का?

ही सवय मला एका डिस्टिलेशन कॉलमने लावली, म्हणजे मिश्रण उकळवून वेगळं करणाऱ्या टॉवरने. वरची वाफ थंड होऊन रिफ्लक्स ड्रममध्ये जमते; त्यातला कॉलममध्ये परत सोडलेला भाग रिफ्लक्स, बाहेर काढलेला माल डिस्टिलेट. रिफ्लक्स ड्रमची लेव्हल डिस्टिलेटच्या व्हॉल्व्हवर होती आणि रिफ्लक्स होता डिस्टिलेटच्या 8 पट. तापमानाच्या लूपने रिफ्लक्स जेमतेम 5 टक्के वाढवला, की लेव्हल धरायला डिस्टिलेट 40 टक्के कमी करावा लागे. तो व्हॉल्व्ह कधी सताड उघडा, कधी पार बंद. दोन रात्री मी कंट्रोलरचा गेन, म्हणजे त्याच्या प्रतिसादाचा जोर, कमी-जास्त करत होतो. तिसऱ्या रात्री जुने ऑपरेटर ट्रेंडवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, मोठा प्रवाह सोडून या धारेच्या मागे का लागलात?"

जोडी फिरवली. लेव्हल रिफ्लक्सवर, तापमान डिस्टिलेटवर. मात्र इथे लेव्हलचा लूप घट्टच हवा. डिस्टिलेट बदलल्याचं कॉलमला कळतं ते लेव्हल सावरताना रिफ्लक्स हलतो तेव्हाच. लेव्हल सैल सोडली की तापमान नुसतं ताटकळतं.

तापमान तरी कुठलं घ्यायचं? कॉलमच्या आत एकावर एक ट्रे, म्हणजे ताटं, असतात. अगदी वरच्या ट्रेवर माल जवळजवळ शुद्ध, तिथलं तापमान फारसं हलतच नाही. रिफ्लक्सला थोडा धक्का देऊन जो ट्रे ठळक हलतो, तो मी घेतो.

जोडीचा हिशेब एडगर ब्रिस्टल यांनी 1966 मध्येच देऊन ठेवलाय, रिलेटिव्ह गेन ॲरे, म्हणजे दुसरा लूप चालू झाल्यावर एखाद्या जोडीचा परिणाम किती बदलतो ते सांगणारा तक्ता. वुड आणि बेरी यांचा 1973 चा मिथेनॉल-पाण्याचा कॉलम घ्या. इथे गेन म्हणजे एखादा प्रवाह हलवल्यावर शेवटी होणारा परिणाम. वरच्या शुद्धतेवर रिफ्लक्सचा गेन 12.8, खालून तापवणाऱ्या स्टीमचा उणे 18.9, खालच्यावर 6.6 आणि उणे 19.4. वर रिफ्लक्स, खाली स्टीम अशा जोडीला आकडा येतो साधारण 2. उलट जोडीला उणे 1, म्हणजे दुसरा लूप ऑटोत, म्हणजे आपोआप चालायला, गेला की पहिल्याची दिशाच उलटते. एकेकटे शहाण्यासारखे चालणारे लूप एकत्र ऑटोत टाकले की हाताबाहेर जातात. असा उणे आकडा दिसला की मी ती जोडी तिथेच सोडतो, ट्यूनिंगने ती सुधारत नाही.

हे गेन स्थिरावल्यानंतरचे, म्हणून डेड टाइमही बघतो, म्हणजे परिणाम दिसू लागेपर्यंतचा वेळ. याच कॉलममध्ये रिफ्लक्सचा परिणाम वर 1 मिनिटात जाणवू लागतो, खाली 7 मिनिटांनी.