तीनशे शब्दांत कोर्समेट

दीड महिन्यापूर्वी आमचा एक कोर्समेट, म्हणजे एनडीएत (खडकवासल्याच्या लष्करी अकादमीत) एकाच तुकडीत शिकलेला मित्र, गेला. झोपेतच. वहिनींना त्याचं नाव इकडे तिकडे यायला नकोय म्हणून लिहीत नाही. आमच्या कोर्सची एक पद्धत आहे, जो जाईल त्याच्यावर एक पान लिहायचं, तीनशे शब्द आणि एक फोटो, आणि ते पान सगळ्यांकडे कायमचं राहतं. तो गंगापूर रोडला आणि मी देवळालीला, नाशिकमधला सगळ्यात जवळचा मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला वाटलं एका संध्याकाळचं काम आहे. तीन आठवडे लागले.

रामकुंडावर अस्थी सोडून आलो, दहावं झालं, आणि मग लिहायला बसलो. जुलै १९८० ला खडकवासला, तीन वर्षं एनडीए, मग एक वर्ष डेहराडूनची मिलिटरी अकादमी, जून १९८४ ला कमिशन म्हणजे अधिकारीपद, आर्टिलरी म्हणजे तोफखाना, लगेच इथेच देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरीत यंग ऑफिसर्स कोर्स, १९९९ ला मेजर असताना कारगिल युद्धात द्रास, पुढच्या सगळ्या पोस्टिंग, रिटायरमेंट. बरोबर तीनशे शब्द. वहिनींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हे तर त्यांच्या फाइलमध्ये पण आहे."

खरंच होतं ते. ४५ वर्षांची ओळख आणि मी लिहिलं काय तर तारखा.

मग वहिनींनी त्याची काळी पत्र्याची ट्रंक उघडून दिली, खडकवासल्याला नेलेली तीच. युनिफॉर्मच्या खाली एक दोनशे पानी वही होती आणि ती बघून माझे हातच थांबले कारण त्यात लाल पेनाने केलेलं करेक्शन माझं होतं. तो निफाडकडच्या खेड्यातला, मराठी शाळेतला, गणितात एकदम तयार पण इंग्लिश ऐकलं की गप्प व्हायचा. मी शहरातला, इंग्लिश बरं, पण पोहता येत नव्हतं, आणि एनडीएत दहा मीटरच्या बोर्डवरून पाण्यात उडी मारावीच लागते, त्यातून कोणाचीच सुटका नाही. तेव्हा आमचं ठरलं, मी त्याला रोज दहा शब्द द्यायचे आणि रविवारी त्याने मला पोहायला शिकवायचं. त्याच्या गावी पोरं पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकतात, इथे भोपळा नव्हता म्हणून तो पोटाखाली हात धरून ठेवायचा आणि न सांगता काढून घ्यायचा. उडीच्या दिवशी मी वर उभा, पाय लटलटतायत, आणि हा खालून मराठीत ओरडतोय, "खाली बघू नको, विहीर आहे समज!" उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, शिक्षा म्हणून आम्हा दोघांचा रगडा काढला, पण उडी मारली मी.

वहीमुळे पुढचं सुचलं. द्रासला जो रेडिओ ऑपरेटर त्याच्याबरोबर होता त्याचा नंबर दोन दिवस फोनाफोनी करून मिळवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तोफा मागे असतात पण गोळा कुठे पडला ते बघून डावीकडे घ्या, पुढे घ्या हे सांगणारा गनर इन्फन्ट्रीबरोबर पुढेच चढलेला असतो आणि त्याचा सगळा जीव त्या रेडिओवर. मी लढाईचं विचारत होतो आणि ते सांगत होते, "साहेब वर पण दहा शब्द घ्यायचे, सिगारेटच्या पाकिटावर लिहून द्यायचे, मी पुढे प्रमोशनच्या परीक्षा त्याच्यावर पास झालो." बोलता बोलता रडायला लागले, मग मी पण.

त्याच्या गल्लीतल्या दोन मुली भेटल्या, एनडीएची तयारी करणाऱ्या. त्यांच्याकडेही तशीच वही! २०२२ ला मुलींची पहिली बॅच एनडीएत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पास आऊट झाल्या तेव्हा ह्याने दोघींना घरी बोलावून टीव्हीवर परेड दाखवली होती, अंतिम पगला, परेडच्या शेवटच्या पावलाला, स्वतः सावधानमध्ये उभा राहिला म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. मला त्याचा फोन आला होता तो २०२२ ला, द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराचं नाव गन हिल ठेवलं तेव्हा, "आपल्या तोफांच्या नावाचा डोंगर झाला रे" एवढंच बोलला आणि पुढे त्याला बोलता येईना.

शेवटी निफाडला त्याच्या मोठ्या भावाकडे गेलो. अण्णा ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "सुट्टीवर आला का आधी विहिरीवर जायचा, चहा नंतर." मला विहीर दाखवली, आता ड्रिपची पाइपलाइन आहे, द्राक्षबाग आहे, पायऱ्या तशाच आहेत. फोटो तिथलाच मिळाला, ओले केस, खांद्यावर टॉवेल, कर्नल झाल्यावरचा.

नवीन पान ४२० शब्दांचं झालं. कोर्सच्या सेक्रेटरीचा फोन आला, "सर, तीनशेच्या वर घेता येत नाही, काय काढू?" मी म्हटलं पोस्टिंग सगळ्या काढ, द्रासची एक ओळ ठेव, विहिरीला हात लावू नको.